गाडी दहा लाखांची, पार्ट ऐंशी लाखांचे

संक्रांतीच्या सकाळी दादाचा व्हिडीओ कॉल आला. "बघ गं, गाडी बसली." मला वाटलं स्टार्ट होत नसेल. पण गाडी खरोखरच बसली होती. मागची दोन्ही चाकं अर्धी आत गडप, मागचा बंपर जमिनीला टेकायच्या बेतात आणि तोंड वर. कुत्रं कसं मागच्या पायांवर बसतं, अगदी तशी. मामा-मामी तिळगूळ द्यायला निघायचे म्हणून आवरून खाली उभे होते. सोसायटीचे वॉचमनकाका म्हणाले, "पंक्चरवाल्याला बोलावू का?"

पंक्चर नव्हतं. एअर सस्पेन्शन गेलं होतं. गाडी घेऊन तीन आठवडे झाले होते.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. वय २६, पगार ४२ हजार. २०२२ च्या डिसेंबरात त्याने २०१० ची जर्मन सेदान घेतली. सहा सिलिंडर, ट्विन टर्बो, तीनशेच्या पुढे हॉर्सपॉवर, मागच्या सीटला मसाज. नवी होती तेव्हा ऐंशी लाखांच्या वर. दादाला ती मिळाली पावणेदहा लाखांत. सहा लाखांचं पर्सनल लोन (जुन्या गाडीला बँका सहजी कार लोन देत नाहीत), मामाने मोडलेली तीन लाखांची एफडी आणि पंचाहत्तर हजार दादाचे स्वतःचे. हप्ता सोळा हजार चारशे, चार वर्षं. मामीचं म्हणणं, अशी गाडी दारात असली की स्थळंही तशीच येतात. सगळे खूश होते. मीसुद्धा. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मी बाजूच्या सीटवर होते आणि ओरडत होते.

मला गाड्या आवडतात, म्हणूनच हे लिहितेय. "काय करायच्यात चैनीच्या वस्तू" टाईपचं प्रवचन देण्यात मला रस नाही. मला राग आहे तो एका अर्धवट आकड्याचा. 'स्विफ्टच्या किमतीत लक्झरी' असं सांगणारं रील तुमच्याही फीडमध्ये आलं असेल. त्यातला आकडा खरा असतो. तेवढ्याला गाडी मिळते. पण तो घ्यायचा आकडा झाला, बाळगायचा नव्हे.

गणित तसं सोपं आहे, तरी आमच्या घरात ते कुणी केलं नाही. गाडी जुनी होते तशी तिची किंमत पडते. पण तिच्या पार्टची किंमत पडत नाही. ऐंशी लाखांच्या गाडीला जो वॉटर पंप लागतो, तोच वॉटर पंप ती दहा लाखांना विकली गेली तरी लागतो. त्याला माहीत नसतं मालक बदलला ते. कंपनीने तो थोड्या गाड्यांसाठी बनवलेला, बाहेरून येणारा, ड्युटी भरलेला. कितीतरी वेळा तो पंधरा वर्षांनी महागलेलाच असतो. म्हणजे गाडी दहा लाखांची, पण ती सांभाळायला माणूस ऐंशी लाखांची गाडी परवडणारा लागतो. पहिल्या मालकाला ती परवडत होती. त्याने ती विकली, कारण पुढचा खर्च त्याला दिसायला लागला होता.

यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे माझी लाडकी गाडी, बीएमडब्ल्यू एम५, ई६० मॉडेल. २००५ मध्ये आली, २०१० पर्यंत बनली. दिसायला साधी चार दारांची सेदान, आत पाच लिटरचं व्ही१० इंजिन. तेव्हा फॉर्म्युला वनच्या गाड्यांनाही व्ही१० इंजिनं होती आणि बीएमडब्ल्यू स्वतः तिथे इंजिन पुरवत होती. ५०७ हॉर्सपॉवर. टॅकोमीटरचा काटा ८,२५० पर्यंत जातो. गाडी सुरू केली की ती फक्त ४०० हॉर्सपॉवर देते. उरलेले हवे असतील तर एक बटण दाबायचं. कुणालाही वेड लागेल अशी गोष्ट आहे ही. ब्रिटन-अमेरिकेत या गाड्या नव्या किमतीच्या छोट्याशा हिश्श्यात विकायला आल्या, तेव्हा खूप जणांना वेड लागलंच.

मग एकेक बाहेर आलं. या इंजिनात कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टच्या मध्ये मऊ धातूच्या पातळ बेअरिंग बसवलेल्या असतात. त्या लवकर झिजतात. झिजताना गाडी फारसं काही सांगत नाही. आणि ज्या दिवशी सांगते, त्या दिवशी इंजिन गेलेलं असतं. म्हणून या गाडीचे जाणते मालक काहीही बिघडलेलं नसताना, नुसती खबरदारी म्हणून बेअरिंग बदलून घेतात. दहा थ्रॉटल उघडझाप करणारे ॲक्च्युएटर जातात. गिअरबॉक्सचा हायड्रॉलिक पंप जातो. ऑईल साधं चालत नाही, १०डब्ल्यू-६० लागतं. आणि हे इंजिन बीएमडब्ल्यूने स्वतःच्या एम५ आणि एम६ याच दोन गाड्यांत बसवलं. दुसऱ्या कुठल्या स्वस्त मॉडेलचं इंजिन उचलून बसवू, हा मार्गच नाही.

यात कंपनीने फसवलं असं मला वाटत नाही. रेसिंगच्या तोडीचं इंजिन रोजच्या गाडीत दिलं, तर ते रेसिंगसारखीच देखभाल मागणार. पहिल्या मालकाला ते माहीत होतं, वॉरंटी होती, पैसे होते. चौथ्या मालकाकडे असतं ते फक्त रील.

इतर कंपन्यांच्याही अशा गोष्टी आहेत. ऑडीच्या एका जुन्या ४.२ लिटर व्ही८ इंजिनात, म्हणजे २००३ च्या आसपासच्या एस४ मध्ये, टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला आहे. चेनचे प्लास्टिकचे गाईड झिजले की बदलायचे. गाईड तसा किरकोळ पार्ट, पण तिथपर्यंत हात पोचवायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. मजुरीचा अंदाज तुम्हीच करा. मर्सिडीजने २००२ साली आणलेल्या ई-क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक ब्रेक दिले होते. त्यातलं युनिट तुम्ही ब्रेक किती वेळा दाबला हे मोजतं. ठरलेला आकडा झाला की डॅशबोर्डवर इशारा, युनिट बदला! २००४ मध्ये कंपनीने या ब्रेकसाठी जगभरातून सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या तपासणीला परत बोलावल्या आणि पुढे ही सिस्टीमच सोडून दिली. तिसऱ्या मालकाला तो मोजणारा आकडा कितीवर आलाय, हे जाहिरातीत कोण सांगणार?

आता परत दादाच्या गाडीकडे. तिची कंपनी मी सांगत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीच्या गाडीत झालं असतं.

एअर सस्पेन्शनमध्ये लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबरी फुगे असतात. कॉम्प्रेसर त्यात हवा भरतो. रबर दहा-बारा वर्षांत वाळतं, बारीक चिरा पडतात. हवा हळूहळू जाते. ती भरायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, जास्त तापतो आणि एक दिवस जळतो. म्हणजे वेळेत फुगे बदलले असते तर कॉम्प्रेसर वाचला असता. दादाच्या गाडीचे दोन्ही गेले होते. १ लाख १८ हजार. आणि हे बाहेरच्या गॅरेजचं बिल बरं का, शोरूमचं कोटेशन तर दादाने मला दाखवलंच नाही.

मेकॅनिककाका म्हणाले ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. "किलोमीटर बघू नका. रबर आणि प्लास्टिक किलोमीटरने म्हातारं होत नाही, वर्षांनी होतं." दादाने गाडी घेतली तेव्हा ती फक्त ५१ हजार किलोमीटर चाललेली, 'डॉक्टर ओनर', आणि आम्ही यावरच भाळलो होतो. (सेकंड हँड गाडीचा मालक नेहमी डॉक्टरच का असतो, यावर कुणीतरी पीएचडी करावी.)

उन्हाळ्यात कूलंट गळायला लागलं. टर्बो इंजिन प्रचंड तापतं आणि त्याच्या भोवतीच्या नळ्या, थर्मोस्टॅटचं कव्हर, पाण्याची टाकी हे सगळं प्लास्टिकचं. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन ते बिस्किटासारखं होतं. एक जोड बदलायला गेलं की शेजारचा हातात येतो. लोणावळ्याच्या घाटातून टोचन करून आणली. ७४ हजार. मग गॅस्केट वाळून ऑईल गरम एक्झॉस्टवर ठिबकायला लागलं, आत जळका वास. ८८ हजार, त्यातली बरीचशी मजुरी. मग इंजिन अडखळायला लागलं. या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्हवरून पेट्रोल जात नाही, ते धुतले जात नाहीत आणि त्यावर काजळीचा थर चढतो. तो काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. हे मी डोळ्यांनी बघितलं आणि खरं सांगते, मला भारी वाटलं. दादाला नाही वाटलं. सोबत इंजेक्टर आणि कॉइल निघाले. १ लाख ६२ हजार.

आणि पावसाळा. सनरूफमधलं पाणी बाहेर जायला बारीक नळ्या असतात. त्या पानं-मातीने तुंबल्या की पाणी आत उतरतं, कार्पेटखाली जातं. अशा गाडीत डझनांनी कंट्रोल युनिट असतात आणि त्यातली काही नेमकी कार्पेटखाली किंवा डिकीत, स्टेपनीच्या शेजारी. जुलैच्या एका सकाळी डॅशबोर्डवर एकदम अकरा वॉर्निंग. एअरबॅग, एबीएस, गिअरबॉक्स, काय म्हणाल ते. गाडीची खिडकी आपोआप खाली जायची. ९० हजार. यातली एक तुंबलेली नळी वेळेवर साफ करायला तारेचा तुकडाही पुरला असता.

टायर, ब्रेक, बॅटरी धरून अडीच वर्षांचा एकूण आकडा सव्वासात लाख झाला. पेट्रोल, इन्शुरन्स आणि हप्ते सोडून. शहरात ॲव्हरेज पाच-सहाचं. दादा पगाराच्या दिवशी हप्ता भरायचा आणि उरलेल्यात गॅरेजचे हप्ते. मामीने मागच्या वर्षी दाताची ट्रीटमेंट पुढे ढकलली. घरात कुणी हे गाडीशी जोडून बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. दादा पुढेपुढे गाडी काढायचाच नाही, ऑफिसला बसने जायचा. गाडी खाली झाकून उभी. आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरते, रबर वाळतं, ते वेगळंच.

"इन्शुरन्स आहे ना?" असं मला मैत्रिणी विचारतात. बिघाडाला साधा इन्शुरन्स लागूच होत नाही. अपघात झाला तरी जुन्या गाडीला झिरो डेप सहसा मिळत नाही. मग रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि गाडी दहा वर्षांपुढची असेल तर धातूच्या पार्टचेही निम्मेच. अजून एक गंमत आहे. पॉलिसीवर गाडीची जी किंमत लिहिलेली असते, तिच्या ७५ टक्क्यांपेक्षा दुरुस्तीचा खर्च वर गेला तर गाडी 'टोटल लॉस' धरतात. सहा-सात लाख किंमत लिहिलेल्या गाडीचे दोन हेडलाईट, बंपर, रेडिएटर आणि एअरबॅग बदलायच्या झाल्या, तर तेवढ्यानेच ती हद्द ओलांडली जाऊ शकते. इंजिन ठणठणीत, तरी गाडी कागदावर मेलेली.

दादाची गाडी दिल्लीची होती, हेही सांगायला हवं. तिथे डिझेल गाडीला दहा आणि पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा घातली गेली. राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश आले आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला. नंतर त्यात बरीच खेचाखेच झाली, पण तोवर तिथल्या महागड्या गाड्या एनओसी घेऊन देशभर पसरल्या होत्या. इथे आणल्यावर पासिंग बदला, इथला रोड टॅक्स भरा. पंधरा वर्षं झाली की रजिस्ट्रेशन पुन्हा. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी साध्या कारला पाच हजार झाली आणि इंपोर्टेड कारला चाळीस हजार. स्वस्ताईचं कारण जाहिरातीत नसतं, आरसी बुकात असतं. आमच्यापैकी कुणी ते नीट वाचलंच नव्हतं. मी पण नाही, आणि मी म्हणे पत्रकारिता शिकते.

मग अशा गाड्या घेऊच नयेत का? मला तसं वाटत नाही. त्याच गॅरेजमध्ये एक काका यायचे, साठीचे. त्यांच्याकडे वीस वर्षं जुनी व्ही८ आहे. रविवारी सकाळी काढतात. रोजच्या वापराला त्यांची साधी गाडी वेगळी आहे. स्वतःचा स्कॅनर घेतलाय, एरर कोड स्वतः वाचतात. काही पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून शोधून आणतात. त्यांचा नियम असा, की गाडी जेवढ्याला घेतली त्याच्या निम्मे पैसे घ्यायच्या दिवशीच वेगळे ठेवायचे आणि ते गेलेच असं समजायचं. त्यांनी दादाला विचारलं, "घेण्याआधी लिफ्टवर चढवून खालून बघितली होतीस?" नाही. "रात्रभर उभी ठेवून सकाळी बसते का बघितलं?" नाही. "थंड इंजिन स्वतः स्टार्ट केलंस?" नाही, आम्ही गेलो तेव्हा ती गरमच होती. "स्कॅन?" दादा काही बोलला नाही. पाच-सात हजारांत ही सगळी तपासणी झाली असती.

काका ती गाडी स्वतःसाठी ठेवतात. दादाने ती बघणाऱ्यांसाठी घेतली होती. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय, म्हणून इथेही लिहिते. कॉलेजच्या गॅदरिंगला गेटवर अशी गाडी आली की आपण सगळे फोन काढतो. मीही काढते. त्या बघण्यालाही या सगळ्यात वाटा आहे. दहा लाखांत नवी हॅचबॅक येते, वॉरंटी असते, घाटात थांबत नाही, पण तिचा कुणी व्हिडीओ काढत नाही.

या जूनमध्ये दादाने विकायचं ठरवलं. जाहिरात मी लिहिली. म्हटलं, आपण तरी नीट लिहू. काय काय बदललं, कधी बदललं, किती बिल आलं, अजून कशाचं काम निघेल, सप्टेंबरात पंधरा वर्षं पूर्ण होतायत, सगळं. बिलांचे फोटो लावले. तीन आठवड्यांत दोन फोन आले, दोघांनाही सुटे पार्ट हवे होते. मग एका डीलरचा आला. हसून म्हणाला, "मॅडम, ही जाहिरात आहे की पोस्टमॉर्टेम?" त्याने पावणेतीन लाख दिले. लोनचे उरलेले पैसे फेडून दादाच्या हातात दहा हजार राहिले. मामीला दातांच्या डॉक्टरकडे त्याच आठवड्यात नेलं.

बिलांची फाईल दादाने गाडीसोबत दिली होती. डीलर म्हणाला, "ती राहू द्या तुमच्याकडेच."

दहा दिवसांनी ती गाडी माझ्या फीडमध्ये आली. पॉलिश मारलेली, काळ्या काचा, ड्रोन शॉट, मागे पंजाबी गाणं. 'टॉप कंडिशन, डॉक्टर ओनर, फक्त ६.४९.' खाली शेकडो कमेंट होत्या. मी एकेक वाचत गेले. एकाने लिहिलं होतं, "दादा, सेकंड इयरला आहे, पार्ट टाईम जॉब आहे, हप्ता किती बसेल?"

मी त्याला मेसेज केला. दोन दिवस झाले, अजून बघितलेला नाही.